कर्जाच्या कागदावरील इंग्रजी : सही करण्यापूर्वी समजून घ्यायचे शब्द

काही दिवसांपूर्वी शिलाईकाम करणारे एक गृहस्थ हातात नोटीस घेऊन आमच्याकडे आले. नात्यातल्या एका तरुणाने तीन वर्षांपूर्वी एका पतसंस्थेतून दुकानासाठी कर्ज काढले होते. हप्ते थकले, तरुण गाव सोडून गेला आणि वसुलीची नोटीस या गृहस्थांच्या घरी आली. "भाईसाहेब, मी कर्ज घेतलेच नाही. मी तर फक्त साक्षीदार म्हणून सही केली होती," असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. आम्ही कराराची नक्कल पाहिली. साक्षीदारासाठी इंग्रजीत 'विटनेस' हा शब्द असतो. त्यांच्या सहीखाली छापलेला शब्द होता 'शुअरिटी'. शुअरिटी म्हणजे जामीन. एका शब्दाच्या फरकाने त्यांची शिलाईची दोन यंत्रे आणि बचतीचे पैसे धोक्यात आले होते.

आमचे बहुतेक वाचक व्यापारी आणि कारागीर आहेत. हिशेबात ते कोणाला हार जाणार नाहीत, पण बँकेचा कागद समोर आला की "कुठे सही करू?" एवढेच विचारतात. म्हणून आज या पानावर देण्याघेण्याच्या इंग्रजी शब्दांचा धडा घेत आहोत. व्याजाबाबत शरीअतचा हुकूम काय, हा प्रश्न आलिमांना विचारण्याचा आहे. येथे आमचे काम शब्दार्थ सांगण्यापुरते आहे. आणि जे बांधव बँकेच्या कर्जापासून दूर राहतात त्यांचीही या शब्दांतून सुटका नाही. कोणी जामीन राहतो, कोणी उधारीच्या मालापोटी चेक देतो, कोणाला दुकानाचा भाडेकरार करायचा असतो. देण्याघेण्याचे लिखित करून ठेवा ही ताकीद तर कुरआनातील सर्वांत मोठ्या आयतीत, सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आलेली आहे. लिहिलेले वाचता येणे हा त्याचाच पुढचा भाग आहे.

आता अगदी मुळापासून सुरुवात करू. इंग्रजीत 'बॉरो' म्हणजे उसने किंवा कर्ज घेणे आणि 'लेंड' म्हणजे देणे. बॉरोअर म्हणजे कर्ज घेणारा, लेंडर म्हणजे देणारा. बॉरोच्या मागून 'फ्रॉम' येतो, म्हणजे कोणाकडून. लेंडच्या मागून 'टू' येतो, म्हणजे कोणाला. हे सोपे वाटते, पण नेमके येथेच आपली माणसे चुकतात. कारण आपल्या भाषेत शब्द एकच आहे, 'उधार', आणि दिशा ठरते ती 'घेणे' व 'देणे' यावरून. ही अडचण फक्त आपली नाही. व्हिएतनामी भाषेतही असेच आहे. पैसे कर्जाऊ घेण्याला ते 'वाय' म्हणतात आणि त्याच शब्दाआधी 'चो', म्हणजे देणे, लावला की कर्ज देणे असा अर्थ होतो. त्यामुळे इंग्रजी शिकणारा व्हिएतनामी विद्यार्थीही बॉरो आणि लेंड यांची गल्लत करतो. मात्र एका बाबतीत त्यांची भाषा इंग्रजीपेक्षा नेमकी आहे. पैशासाठी त्यांचा 'वाय' वेगळा आणि सायकल, पुस्तक अशी तीच वस्तू परत करायची असेल तेव्हाचा 'मुअन' वेगळा. फिकहमध्ये 'कर्ज' आणि 'आरियत' असा जो भेद केला जातो, तो बराचसा असाच आहे. कर्जात घेतलेल्यासारखे परत करायचे असते, आरियतमध्ये तीच वस्तू. इंग्रजी मात्र दोन्हीला बॉरो म्हणून मोकळी होते.

'ओ' हा छोटासा शब्दही लक्षात ठेवावा. 'आय ओ यू' म्हणजे मी तुमचे देणे लागतो. बॉरो ही एकदा घडणारी क्रिया आहे, पण ओ ही फेड होईपर्यंत टिकणारी अवस्था आहे. देण्याला 'डेट' म्हणतात. त्याचे स्पेलिंग डी-ई-बी-टी, पण त्यातला बी उच्चारायचा नाही. मराठीत तारखेलाही आपण 'डेट' असेच लिहितो, त्यामुळे कानाला घोटाळा होतो. 'ड्यू डेट' मधली डेट तारीख आहे, 'बॅड डेट' मधली डेट म्हणजे बुडीत येणे. ज्याचे देणे आहे तो डेटर, म्हणजे ऋणको. ज्याला द्यायचे आहे तो क्रेडिटर, म्हणजे धनको.

खरे पाहता या विषयातले आपले बाजारातले शब्द इतके भक्कम आहेत की इंग्रजीला घाबरण्याचे कारण नाही. कर्ज, रक्कम, वसूल, बाकी, जमा, अनामत, जामीन, तगादा हे अरबीतून आलेले शब्द शिवकालापासून मराठी दप्तरात रुळले आहेत. हप्ता हा फारसी शब्द, मूळ अर्थ आठवडा. जो माणूस तगादा आणि बाकी यांतला फरक जाणतो त्याला 'डिमांड' आणि 'आउटस्टँडिंग' समजायला अर्धा दिवसही लागू नये.

काही इंग्रजी शब्द मात्र फसवे आहेत. रोजच्या बोलण्यात त्यांचा अर्थ एक आणि बँकेत दुसरा. 'प्रिन्सिपल' म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, पण कर्जखात्यात त्याचा अर्थ मुद्दल. 'सिक्युरिटी' म्हणजे दारावरचा पहारेकरी नव्हे, तारण. 'इंटरेस्ट' म्हणजे आवड, आणि व्याज, आणि तिसरा अर्थ म्हणजे मालमत्तेवरचा हक्क. "द बँक हॅज अ सिक्युरिटी इंटरेस्ट" असे वाक्य आले तर तेथे व्याजाचा संबंध नसून बँकेचा तारणहक्क सांगितलेला आहे. 'सँक्शन' म्हणजे वर्तमानपत्रात एखाद्या देशावरचे निर्बंध, बँकेत मंजुरी. आणि मंजुरी म्हणजे पैसे हाती आले असे नव्हे. पैसे खात्यावर येतात त्याला 'डिस्बर्समेंट' म्हणतात. सँक्शनचे पत्र मिळाल्याबरोबर पार्टीला मालाची ऑर्डर देऊन मोकळे झालेले आणि नंतर तोंडघशी पडलेले दुकानदार आम्ही पाहिले आहेत. सँक्शन पत्राखाली अटी असतात. त्या पुऱ्या झाल्याखेरीज पैसा सुटत नाही.

'मार्जिन' हा तसाच एक शब्द. बाजारात मार्जिन म्हणजे नफा. बँकेत मार्जिन म्हणजे मालाच्या किमतीतला असा हिस्सा ज्यावर बँक पैसे देणार नाही, तो आपण घालायचा. समजा कापडाच्या दुकानाला ५ लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर आहे, मार्जिन २५ टक्के. दुकानात माल ४ लाखांचा, पण त्यातला १ लाखाचा उधारीवर उचललेला. बँक साधारणपणे उधारीचा माल वजा करते. उरले ३ लाख. त्यातून २५ टक्के मार्जिन गेले की २ लाख २५ हजार. याला 'ड्रॉइंग पॉवर' म्हणतात. मर्यादा ५ लाखांची असली तरी त्या महिन्यात उचलता येते ती एवढीच रक्कम. दर महिन्याचे 'स्टॉक स्टेटमेंट' कंटाळा करून वेळेवर न देणाऱ्याची ही पॉवर कागदोपत्री घसरते आणि चेक परत जातात. मग ऐन ईदच्या आधी पुरवठादारापुढे मान खाली घालावी लागते.

आता तारणाचे तीन शब्द. येथे थोडे थांबून वाचावे.

'प्लेज' म्हणजे वस्तू ताब्यात देऊन केलेले गहाण. सोन्यावर कर्ज घेताना दागिने बँकेच्या तिजोरीत जातात, ते प्लेज. 'मॉर्टगेज' म्हणजे स्थावराचे गहाण, घर, गाळा, जमीन. त्याच्या स्पेलिंगमध्ये टी आहे, पण इंग्रज तो उच्चारत नाही, 'मॉर्गेज' म्हणतो. तिसरा 'हायपोथिकेशन'. यात यंत्र किंवा माल आपल्याच ताब्यात राहतो, आपण तो वापरतो, पण त्यावर बँकेचा बोजा असतो. भिवंडीचा यंत्रमाग, रिक्षा, टेम्पो, दुकानातला माल यांवरची कर्जे बहुतांशी या प्रकारची. यंत्र डोळ्यांसमोर चालते आहे म्हणून ते पूर्ण आपले आहे असे वाटते आणि अडचणीच्या वेळी ते विकले जाते. बँकेच्या परवानगीवाचून असे विकले तर प्रकरण थकबाकीवर थांबत नाही, फौजदारीपर्यंत जाऊ शकते.

'कोलॅटरल' म्हणजे जादा तारण. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेचे कर्ज 'कोलॅटरल फ्री' असते असे सर्वांनी ऐकलेले आहे. तसेच २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेचे, ज्यात सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, चांभार, शिंपी अशा १८ व्यवसायांतील कारागिरांना आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज मिळण्याची तरतूद आहे. पण कोलॅटरल नाही याचा अर्थ काहीच अडकलेले नाही असा होत नाही. मुद्रा कर्जातून घेतलेले यंत्र किंवा माल बँक हायपोथिकेट करून घेतेच. वरचे घर, जमीन किंवा तिऱ्हाईत जामीन मागायचा नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

कागदावर 'मॉर्टगेजर' आणि 'मॉर्टगेजी' अशी जोडी येते तेव्हा भलेभले गोंधळतात. शेवटी 'र' असेल तो देणारा आणि 'ई' असेल तो घेणारा. मात्र येथे दिले जाते ते गहाण. म्हणून मॉर्टगेजर म्हणजे आपण आणि मॉर्टगेजी म्हणजे बँक. पैसे बँकेने दिले, गहाण आपण दिले. दुकान भाड्याने घेतानाही हीच खूण वापरावी. लेसर म्हणजे जागामालक, लेसी म्हणजे भाडेकरू.

आता ज्या शब्दापासून आम्ही सुरुवात केली त्याकडे येऊ. 'गॅरंटर' किंवा 'शुअरिटी', म्हणजे आपला जामीन. जामीनकीकडे आपल्यात भिडेचा मामला म्हणून पाहिले जाते. चाचाने सांगितले, मेहुण्याने आग्रह केला, केली सही. कायदा मात्र भीड ओळखत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १२८ वे कलम म्हणते की करारात वेगळे काही लिहिले नसेल तर जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे बँकेने आधी कर्जदाराचे घरदार विकावे आणि उरलेले जामिनाकडे मागावे, असा क्रम जामिनाला हक्काने मागता येत नाही. पुष्कळांना हे ऐकून धक्का बसतो. कागदावर यासाठी तीन शब्द असतात, 'जॉइंटली अँड सेव्हरली'. सेव्हरलीचा 'सेव्हरल', म्हणजे पुष्कळ, याच्याशी येथे संबंध नाही. अर्थ असा की सर्वजण मिळून आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे पूर्ण रकमेला बांधील. तीन जामीन आहेत म्हणजे आपल्या वाट्याला तिसरा हिस्सा, हा हिशेब बँकेपुढे चालत नाही. बँक तिघांपैकी ज्याच्याकडे वसुली सोपी त्याच्याकडे पूर्ण रक्कम मागू शकते.

जामिनाच्या बाजूचेही कायद्यात थोडे आहे आणि ते फारसे कोणी सांगत नाही. जामिनाने पैसे भरले की धनकोचे जे हक्क कर्जदाराविरुद्ध होते ते त्याच्याकडे येतात, आणि भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचाही त्याला हक्क आहे. करार कायद्याची १४० आणि १४५ ही कलमे त्यासाठी आहेत. सहजामीन असतील तर त्यांच्याकडून त्यांचा हिस्सा मागता येतो. म्हणून भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती स्वतःच्या नावाने, 'पेड अॅज गॅरंटर' असे लिहून घ्यावी. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी आधीच दोन हप्ते रोखीने, कर्जदाराच्या नावावर भरून टाकले होते. आपण भरले याचा त्यांच्याजवळ कागद नव्हता.

'ऑन डिमांड' या दोन शब्दांकडेही लक्ष द्यावे. प्रॉमिसरी नोटवर, म्हणजे वचनचिठ्ठीवर, "आय प्रॉमिस टू पे ऑन डिमांड" असे असते. मागाल तेव्हा देईन, असा त्याचा अर्थ. हप्ते ठरलेले असले तरी ही चिठ्ठी सोबत असतेच. ती कोरी ठेवून सही करू नये. १८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या २० व्या कलमानुसार मुद्रांक असलेल्या अपुऱ्या कागदावर सही करून तो दिला तर त्यातली रक्कम भरण्याचा अधिकार दिल्यासारखे होते. कोऱ्या चेकचेही तसेच. देण्यापोटी स्वखुशीने सही करून दिलेल्या चेकवर आकडा दुसऱ्याने भरला तरी कलम १३८ लागू होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. चेक परतला की धनकोने ३० दिवसांत नोटीस द्यायची आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे असतात. न भरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, अथवा दोन्ही. 'सिक्युरिटी चेक' म्हणून सहज दिलेल्या पानाचे वजन एवढे आहे.

व्याजदरातला 'फ्लॅट' हा शब्द दिसायला सपाट, पण खड्डा खोल. समजा १ लाख रुपये दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले. दोन वर्षांचे व्याज २४ हजार, एकूण १ लाख २४ हजार, महिन्याचा हप्ता सुमारे ५,१६७. तोच १२ टक्के दर 'रिड्यूसिंग बॅलन्स' पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर, असता तर हप्ता सुमारे ४,७०७ आणि एकूण व्याज १३ हजारांच्या आत. फ्लॅट पद्धतीत आपण मुद्दल परत करीत जातो, तरी व्याज मात्र पूर्ण १ लाखावर चालू राहते. म्हणून १२ टक्के फ्लॅट म्हणजे खऱ्या हिशेबाने साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. गाडी किंवा यंत्र हप्त्याने विकणारे एजंट टक्का सांगतात, पण पद्धत सांगत नाहीत. ती आपण विचारावी.

'मोरॅटोरियम' म्हणजे हप्ता भरण्यापासून सूट, व्याजापासून नव्हे. सूटीच्या काळातले व्याज साधारणपणे वाढतच असते. 'प्रोसेसिंग फी' अर्जाच्या कामाची, ती कर्जातून आधीच कापली जाऊ शकते. 'पीनल चार्जेस' म्हणजे चुकीबद्दलचा दंड. पूर्वी बँका दंड म्हणून व्याजाचा दरच वाढवीत. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने ते बंद केले. नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून हा नियम लागू झाला. दंड वेगळा घ्यायचा, तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायचे नाही. आपल्या उताऱ्यावर 'पीनल इंटरेस्ट' असे दिसले तर लेखी विचारणा करावी.

सगळ्यांत उपयोगी शब्द आम्ही मुद्दाम मागे ठेवला, 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', थोडक्यात के.एफ.एस. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ कर्जाला आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जाला हे पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात हप्ते, सर्व शुल्के आणि 'ए.पी.आर.', म्हणजे सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर, दिलेला असतो. फ्लॅटचा खेळ या एका आकड्यापुढे उघडा पडतो. आणि हे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहिलेले असावे व त्याला समजावून सांगावे, असे त्याच परिपत्रकात आहे. मराठीत हवे असेल तर मराठीत मागा, उर्दूत समजत असेल तर तसे सांगा. मिरजेचा तंतुवाद्य कारागीर असो की मालेगावचा विणकर, हे मागणे म्हणजे मेहेरबानी नव्हे.

कर्जखात्याचा उतारा वाचताना शिल्लक रकमेपुढे 'डी.आर.' आहे की 'सी.आर.', हे पाहावे. डी.आर. म्हणजे नावे, तेवढे आपण देणे लागतो. सी.आर. म्हणजे जमा. आपल्या वहीत बँकेच्या खात्याची बाजू नेमकी उलटी असते, कारण बँकेची वही बँकेच्या नजरेने लिहिलेली असते. 'लीन' हा शब्द दिसला तर समजावे की पैसा खात्यात आहे, पण तेवढी रक्कम अडकवून ठेवली आहे. 'ओव्हरड्यू' म्हणजे तारीख टळलेली. ९० दिवसांहून अधिक थकले की खाते 'एन.पी.ए.' होते, आणि तारणाचे कर्ज असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला तिचे उत्तर द्यावे लागते. नोटीस पेटीत ठेवून दिल्याने मुदत थांबत नाही.

तडजोडीने खाते मिटवताना 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' यांत फरक आहे. क्लोज्ड म्हणजे पूर्ण फेडले. सेटल्ड म्हणजे कमी रकमेवर भागवले, आणि पतअहवालात तो शब्द पुढे बराच काळ आड येतो. शक्य असेल तर पूर्ण फेडूनच 'नो ड्यूज' दाखला घ्यावा. रिक्षा, टेम्पो असेल तर ३५ नंबरचा फॉर्म घेऊन परिवहन कार्यालयात आर.सी. बुकावरचा बोजा उतरवून घ्यावा. घराची मूळ कागदपत्रे असतील तर फेडीनंतर ३० दिवसांच्या आत ती परत करणे आणि नोंदवलेला बोजा काढणे धनको संस्थेवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. शेवटचा हप्ता भरला त्या दिवसाची पावती म्हणूनच जपून ठेवावी आणि कागदपत्रांच्या मागणीचा अर्ज त्याच दिवशी देऊन त्यावर पोच घ्यावी.